सोसायटीत रियाज: तुमचे शेजारी काय म्हणतात?

चाळिशी उलटल्यावर तबला पुन्हा हातात घेतला. मध्यमेपर्यंत परीक्षा दिल्या होत्या, मग नोकरी लागली आणि जोडी पंधरा वर्षं माळ्यावर पडून राहिली. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ बसतो. पहिल्याच आठवड्यात खालचे काका वर आले. भांडायला नाही. म्हणाले, "वाजवा हो, पण रोज तेच तेच काय? पुढचं काहीतरी येऊ दे की!" आता 'धाधा तिरकिट धाधा तूना' हा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, विलंबितात (संथ लयीत) चाळीस वेळा घासल्याशिवाय तिरकिट सुटं होत नाही, हे त्यांना कसं सांगू? तेव्हापासून एक भलतीच सवय लागलीय. खालचा टीव्ही बंद झाला, की हात आपोआप कायदा सोडून केरव्याच्या चटपटीत ठेक्यावर आणि लग्ग्यांवर जातो. म्हणजे रियाज संपला, कार्यक्रम सुरू. तुमचं असं होतं का? वाद्य, घर, शेजारी, सगळं लिहा. उपाय असतील तर तेही.

पेटी, डोंबिवली
होतं तर! शेजारची मुलगी यंदा दहावीला, आमच्या दोघींमध्ये एक चार इंची भिंत. मी पेटीवर जुनी शाल टाकते, खर्जाचे (खालचे) सूर बंद ठेवते, भाता अगदी हलका. पलटे, म्हणजे सुरांच्या चढ-उताराचे सराव, तेवढे सोडत नाही. परवा गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर पलीकडून आवाज आला, "काकू, तो कोमल निषादवाला पलटा कालही उतरताना चुकला." अभ्यास कसला करते कोण जाणे. पण निषाद खरंच चुकत होता.

तबला, म्युनिक
इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, शिवाय आमच्या इमारतीच्या नियमांत दुपारी एक ते तीनही. उरलेल्या वेळात मात्र वाद्य वाजवणं गुन्हा नाही. ऑग्सबुर्गच्या एका ट्रम्पेटवादकाचा खटला थेट वरच्या कोर्टापर्यंत गेला होता. 2018 मध्ये निकाल लागला: घरात वाजवायला सरसकट बंदी घालता येणार नाही, रोज दोन-तीन तास, रविवारी आणि सुटीच्या दिवशी एक-दोन तास, असा ढोबळ अंदाज धरावा. मी खूश. पण खालच्या आजींची तक्रार आवाजाची नव्हतीच, त्यांच्या कपाटातले ग्लास थरथरत होते! बायाचा (डाव्या हाताच्या डग्ग्याचा) घुमारा हवेतून जातो त्याहून जास्त जमिनीतून उतरतो. मग जुने टेनिसचे चेंडू अर्धे कापून प्लायवूडखाली लावले, वर जाड सतरंजी, त्यावर चुंबळी आणि मी. ग्लास गप्प झाले. तुम्ही निदान गोधडीच्या चार घड्या तरी घालून बघा.

वाद्य नाही, कान आहेत. पिंपरी
दुसरी बाजूही येऊ द्या. मी नर्स आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी. माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते. वरच्या मजल्यावरच्या मुलाचा कीबोर्ड अकराला. एकच चाल, तीही अर्धी, मग पहिल्यापासून. रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, दिवसाची 55, हे सगळं कागदावर. दिवसा झोपणाऱ्याचं त्यात कुठेच काही नाही. भांडले, रडलेसुद्धा. शेवटी माझ्या पाळ्यांचा कागद त्याच्या आईला दिला. तो त्यांनी फ्रिजवर चिकटवलाय. आता रात्रपाळीच्या दिवसांत पोरगं हेडफोन लावून वाजवतं. कळा दाबल्याचं टकटक तेवढं येतं, ते चालतं.

व्हायोलिन, नाशिक
रबरी म्यूट लावतो. शेजाऱ्यांना डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं म्हणे. तोटा हा की गज नकळत जास्त दाबला जातो आणि म्यूट काढला की आवाज अंगावर येतो. म्हणून रविवारी तासभर उघडं वाजवतो, आधी जिन्यात सांगून.

बासरी, पुणे
पार्किंगमधली गाडी. काचा वर, मागची सीट, कारण अडीच फुटी बासरी स्टिअरिंगपुढे आडवी धरताच येत नाही. उन्हाळ्यात घामाने बोटं घसरतात. वॉचमनने पहिल्या दिवशी गाडीत कोणी रडतंय का म्हणून टॉर्च मारून पाहिलं. पहाटेची खर्जसाधना होती ती.

ढोल, पुणेच
घरी वाजवत नाही. नदीकाठी वाजवतो, तर नदीपलीकडचे ओरडतात.

तबला, ठाणे (धागा मीच काढलाय)
गोधडी करून पाहिली. चार घड्या, खाली आणखी एक चटई. आठ दिवस कोणी वर आलं नाही, आणि चाळीसच्या चाळीस वेळा कायदा झाला. काल लिफ्टमध्ये काका भेटले. "अहो, तुमच्या तबल्याला काही झालंय का? नुसतं टिकटिक येतं खिडकीतून. तो घुम आवाज कुठे गेला?" बाया खाली पोहोचतच नाहीये. त्यांना माझा अर्धाच कायदा ऐकू येतोय, आणि तेच तेच अर्धं त्यांना पुऱ्यापेक्षा जास्त त्रास देतंय.

एक घडी कमी करून बघतो.