आबांसाठी झोपेची चांगली गोळी सांगा, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही (अर्जंट)

केळीवाला_यावल:
नमस्कार मंडळी. आमच्या आबांची झोपच पूर्ण होत नाहीये, दिवसभर पेंगतात, जेवायला बसले तरी डोळे मिटतात, चार माणसांत बोलता बोलता मान खाली जाते आणि लोक हसतात. परवा तर सावदा रस्त्यावर मोटारसायकलवर डुलकी लागली, गाडी साइडपट्टीवरून खाली गेली, नशीब मागे ट्रक नव्हता. गावातल्या डॉक्टरनी सलाइन लावलं, शक्तीचं इंजेक्शन दिलं, फरक शून्य. रात्री दणकून झोप लागली की दिवसा पेंगणार नाहीत, साधा हिशोब आहे. म्हणून सवय न लागणारी गोळी सांगा, नाव आणि पॉवर, बस. ध्यान-प्राणायाम सांगू नका, आबा कोणाचं ऐकत नाहीत.

धुळ्याचा_दाजी:
वय किती? शुगर आहे का? दुपारी झोपतात का? रात्री किती वाजता आडवे होतात? काहीच लिहिलं नाही भो, गोळी कशाच्या आधारावर सांगायची?

केळीवाला_यावल:
वय 58. शुगर नाही. झोपायचं टायमिंग लाइटवर आहे, ते काय सांगू.

धुळ्याचा_दाजी:
लाइटवर म्हणजे?

केळीवाला_यावल:
केळीला पाणी द्यायला जातात ना. मोटारीला लागणारी थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. आमच्याकडे सगळ्यांचं असंच आहे म्हणून लिहिलं नाही.

भुसावळ_लॉबी:
मग झोपेचं वाटोळं तिथेच झालं की. मी मालगाडीवर आहे, आमचं आयुष्यच असं, रात्री 2 वाजता कॉल येणार, ड्यूटीवर सही करायची, दारूच्या तपासणीची नळी फुंकायची आणि इंजिनवर चढायचं. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, ते दर आठवड्याला उलटं-सुलटं फिरवलं तर कुठलीही गोळी खा, काही होत नाही. मी काय करतो ते सांगतो. रात्रपाळी असली की जायच्या आधी संध्याकाळी तासदीड तास पडायचंच, झोप येवो न येवो. चहा जो काय प्यायचा तो मध्यरात्रीपर्यंत, पहाटेचा बंद, कारण चहा-कॉफीचा अंमल निम्मा उतरायलाच 5-6 तास जातात. घरी येताना काळा चष्मा घालायचा, लोक हसतात, हसू द्या. आणि खोलीला जाड पडदे, आमच्या रनिंग रूममध्ये (रेल्वेची आरामाची खोली) असतात तसे. आबांना हे करायला लावा.

शेवभाजी_आणि_ताक:
मे महिन्यात यावलला जाड पडदे लावून दुपारी झोपायचं? माणूस आहे की भट्टीतलं वांगं? पारा 45 ला टेकतो, स्लॅब रात्री 12 पर्यंत गरम असतो. गच्चीवर पाणी मारा, खाट टाका, वर मच्छरदाणी. आमचे आजोबा असेच झोपायचे, त्यांना कधी गोळी लागली नाही.

केळीवाला_यावल:
गच्चीवरच झोपतात. कूलर पण आहे. गोळीचं नाव कोणी सांगेल का?

दिशा_आणि_दशा:
खाटेचं डोकं उत्तरेला आहे का ते आधी बघा. दक्षिणेला करा. पूर्वजांनी उगीच सांगितलं नाही.

शेवभाजी_आणि_ताक:
रात्री विहिरीवर झोपतात तेव्हा डोकं मोटारीकडे असतं, ती कुठली दिशा?

सातपुडा_बागायतदार:
मूळ दुखणं वीज आहे. सौर पंपाला अर्ज करा, मागेल त्याला सौर कृषी पंप योजना, शेतकऱ्याला 10 टक्के भरायचे, बाकी सरकार. दिवसा पाणी, रात्री झोप. वरून आमच्याकडे बिबट्या फिरतो केळीत, रात्री बॅटरी घेऊन जायचं म्हणजे जीव मुठीत. गोळी मागताय तिथे पंप मागा.

ट्यूबवेल_पिडीत:
काही सांगू नका. योजनेत जास्तीत जास्त साडेसात एचपी मिळतो, रावेर-यावलकडच्या खोल ट्यूबवेलला तो काय करणार. उन्हाळ्यात एका केळीला दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी लागतं, ढग आले की सोलर बसला. मोबाइल स्टार्टर लावा, घरून फोन केला की मोटार चालू.

सातपुडा_बागायतदार:
मोबाइल स्टार्टर आणि डीपीवरची (ट्रान्सफॉर्मरवरची) फ्यूज गेली तर? ती पण फोनवर बसते का? ठिबकचा व्हॉल्व्ह कोण बदलणार? माझ्याकडे 5 एचपीचा सोलर आहे, विहिरीवर, मस्त चालतो.

ट्यूबवेल_पिडीत:
विहिरीवर चालणारच. आम्ही ट्यूबवेलचं बोलतोय.

केळीवाला_यावल:
अरे भाऊहो, वेगळा धागा काढा ना त्याला. आणि एक सांगतो, आता पंधरा दिवसांपासून आबा रात्री जातच नाहीत, मी जातो, ते घरी 10 ला झोपतात ते 6 ला उठतात. तरी पेंगतात. म्हणून तर गोळी मागतोय!!

अमळनेरची_सुनंदा:
थांबा थांबा. हे आधी का नाही सांगितलं? आठ तास अंथरुणात असून दिवसा पेंगतात म्हणजे झोप कमी नाहीये, झोपेत काहीतरी बिघडतंय. घोरतात का?

केळीवाला_यावल:
ताई घोरणं तर आमच्या घरात सगळ्यांनाच आहे. आबांचं जरा मोठं आहे, शेजारच्या गच्चीवरचे सांगतात.

अमळनेरची_सुनंदा:
मध्येच घोरणं बंद पडतं आणि मग एकदम गचका देऊन, गुदमरल्यासारखा आवाज करून परत सुरू होतं, असं होतं का? सकाळी उठल्यावर डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं? वजन आणि बीपी सांगा. आईंना विचारा, त्यांना माहीत असणार.

दिशा_आणि_दशा:
काशाच्या वाटीने तळपायाला गाईचं तूप चोळा. घोरणं पण थांबतं म्हणतात.

केळीवाला_यावल:
आईला विचारलं. हो, तसाच गचका देतात, आई म्हणे मीच हलवते त्यांना, भीती वाटते. तोंड कोरडं पडतं, उशाशी तांब्या असतो. वजन 94, उंची माझ्यापेक्षा कमी. बीपी आहे, दोन गोळ्या चालू आहेत तरी 160 च्या खाली येत नाही, डॉक्टर आता तिसरी म्हणतायत. आणि रात्री लघवीला 3-4 वेळा उठतात, मला वाटलं वयामुळे.

औषधी_भांडार_चोपडा:
मी मेडिकलवालाच आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. तुमच्या मेडिकलवाल्याने गोळी दिली नाही ते बरं केलं. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ह्या झोपेच्या गोळ्या एचवन शेड्यूलमध्ये (कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी) आहेत, चिठ्ठी पाहिजेच, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरला चढवून ते रजिस्टर 3 वर्षं जपावं लागतं. मालेगावकडे नशेसाठी खातात ती कुत्ता गोळी म्हणजे अल्प्राझोलामच, त्यामुळे तपासणी कडक आहे. पण कायदा सोडा. सुनंदाताई विचारतायत तो आजार, स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकणं, असेल तर झोपेची गोळी उलटी पडते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, मेंदू दचकून जागं करतो, तेव्हाच श्वास परत चालू होतो. गोळीने स्नायू अजून सैल पडतात आणि दचकून जाग यायची तीही उशिरा येते. आबा दारू घेतात का? तिचंही तसंच आहे.

केळीवाला_यावल:
रोज नाही. शेतातून आले की कधी थोडी, अंगदुखीसाठी.

शेवभाजी_आणि_ताक:
"थोडी" चं माप प्रत्येक घरात वेगळं असतं भाऊ 😄

औषधी_भांडार_चोपडा:
ती बंद करा आधी. आणि बीपीच्या दोन गोळ्यांपैकी एक पाण्याची आहे का, लघवी वाढवणारी? कधी घेतात?

केळीवाला_यावल:
हो एक पाण्याचीच आहे म्हणे. दोन्ही रात्री जेवल्यावर घेतात, लक्षात राहतं म्हणून.

औषधी_भांडार_चोपडा:
पाण्याची गोळी बहुतेक सकाळी देतात, नाहीतर रात्रभर उठबस. डॉक्टरना विचारून वेळ बदला, मनाने बंद करू नका. तरी सगळी लघवी गोळीचीच असेल असं नाही, श्वास अडकण्याच्या आजारातही रात्री लघवी वाढते. आणि बीपी दोन-तीन औषधांना दाद देत नाही, यामागे हेच असू शकतं.

भुसावळ_लॉबी:
मी तरी म्हणतो पाळीचा परिणाम आहे. वर्षानुवर्षं रात्री पाणी दिलंय, ते पंधरा दिवसांत भरून येत नाही.

अमळनेरची_सुनंदा:
पाळीचा परिणाम असेलही, पण पाळीमुळे श्वास बंद पडत नाही हो दादा. आमच्या ह्यांचं सांगते. शाळेत वर्गावर झोपायचे, मुलं शांत बसायची कारण सर उठू नयेत. आम्हीही थायरॉइड तपासलं, बी-12 तपासलं, सगळं केलं. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, मोबाइलवर झोपेतला व्हिडिओ काढून आणा. तो बघून स्लीप टेस्ट लिहिली. बोटाला क्लिप, नाकाशी नळी, छातीला पट्टा लावून रात्रभर झोपायचं, सकाळी मशीन परत, आता ही घरीही करतात. कमीत कमी 10 सेकंद श्वास थांबला किंवा खूप कमी झाला की एक धरतात. तासाला 5 पेक्षा कमी ठीक, 30 च्या वर गेलं तर तीव्र. ह्यांचा तीव्र निघाला. मग नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवणारं मशीन, सीपॅप म्हणतात. पहिले दोनचार दिवस मास्क काढून फेकायचे, भांडणं झाली. आता मशीनशिवाय झोपत नाहीत, आणि बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली.

तुम्ही आज रात्रीच व्हिडिओ काढा. आणि निकाल येईपर्यंत गाडीची चावी लपवा. हे मी गमतीत लिहीत नाहीये.

सातपुडा_बागायतदार:
आज रावेरला केळीचा भाव काय निघाला, कोणाला माहितीये?

धुळ्याचा_दाजी:
केळीवाले भाऊ, तोपर्यंत आबांना कुशीवर झोपवा, पाठीवर झोपलं की जीभ मागे पडते. माझ्या साडूंना बनियनला पाठीमागून खिसा शिवून त्यात टेनिसचा बॉल घालायला सांगितला होता. रात्री उताणं झालं की टोचतो. वजनही उतरवावं लागेल, पण ते तुमच्याकडच्या भरीत-पुरीच्या पंगती संपल्यावर.

केळीवाला_यावल:
काढला व्हिडिओ. मी स्वतः बघून घाबरलो, श्वास थांबतो ते मोजायला लागलो तर माझाच थांबला. जळगावला छातीच्या डॉक्टरांकडे दाखवला, त्यांनी गळ्याचा घेर मोजला, 43 सेमी भरला, 40 च्या वर गेला की शंका वाढते म्हणे. टेस्ट लिहिली, शुक्रवारी मशीन घरी येणार. चावी माझ्याकडे आहे, आबा दोन दिवस बोलत नाहीयेत. आता दोन शंका. एक, सीपॅप लागलंच तर लाइट गेल्यावर काय? आमच्याकडे पहिला वारा सुटला की लाइट गेली. दुसरी, आबांच्या मिशा मोठ्या आहेत, मास्क बसेल का? मिशा काढणार नाहीत हे आत्ताच सांगितलंय.

भुसावळ_लॉबी:
इन्व्हर्टर घ्या. बॅटरी चांगली घ्या.

अमळनेरची_सुनंदा:
घरचा साधा इन्व्हर्टर पुरतो. पाणी गरम करून हवेत ओल आणणारा भाग बंद ठेवला तर मशीन छताच्या पंख्याएवढीही वीज खात नाही. फिल्टर मात्र वरचेवर बघा, तुमच्याकडची धूळ उन्हाळ्यात भयंकर. मिशांसाठी नुसता नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क मिळतो, त्यात मिशा आड येत नाहीत. पण आबा तोंड उघडं ठेवून झोपत असतील तर हवा तोंडातून निघून जाते, मग हनुवटीला पट्टा लावावा लागतो किंवा मोठाच मास्क घ्यावा लागतो. आधी घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि व्हिडिओत तोंड उघडं दिसतंय का ते बघून सांगा.

केळीवाला_यावल:
उघडं दिसतंय.