दंडाच्या आधी गाडीचे कप्पे

दंड वाढवला की छोट्या गावातही लोक कचरा वेगळा करतील, हे या चर्चेत वर कुणीतरी मांडलेलं म्हणणं मला अर्धंच पटतं. इंदूरला दंड आहेच, पण तिथल्या रामबाग भागातल्या आमच्या घरात सवय लागली ती कचऱ्याच्या गाडीमुळे. ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे, येण्याची वेळ ठरलेली. घरी वेगळा केलेला कचरा पुढे एकत्र ओतला जात नाही, हे डोळ्यांनी दिसलं तेव्हा कुठे सासूबाईंनी दुसरी बादली मांडली. त्याआधी मी सांगून सांगून थकले होते.

सॅनिटरी पॅड आणि डायपरबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितलं होतं. म्हणजे पुढे सुका कचरा निवडणाऱ्या बायकांच्या हातात तेच येणार! इंदूरच्या गाड्यांना यासाठी निराळा डबा आहे. छोट्या नगरपालिकेने मोठा प्रकल्प नंतर उभारावा, पण हा एक डबा पहिल्या दिवसापासून लावावा. आम्ही जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनाने फुली मारतो, म्हणजे गाडीवाल्या दादांना उघडून बघावं लागत नाही.