फ्लो-जोचा १०.४९ चा महिलांच्या १०० मीटरचा विश्वविक्रम यादीतून काढायला हवा का?

ट्रॅकवेडा:
फ्लो-जो म्हणजे अमेरिकेची धावपटू फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर, १६ जुलै १९८८, इंडियानापोलिस, अमेरिकेच्या ऑलिम्पिक ट्रायल्स, १०० मीटरची क्वार्टर फायनल, टाइम १०.४९ सेकंद. आधीचा विक्रम एव्हलिन अ‍ॅशफर्डचा १०.७६, म्हणजे एका झटक्यात ०.२७ सेकंद खाली! त्या रेसला वाऱ्याचा वेग मोजणारं मीटर चक्क ०.० (मीटर प्रति सेकंद) दाखवत होतं आणि साधारण त्याच वेळी शेजारी तिहेरी उडीच्या मीटरवर ४.३. पाठीमागून २.० पेक्षा जास्त वारा असला तर विक्रम धरतच नाहीत. माझ्या मते हा विक्रम काढायलाच हवा.

उगाच_एक:
बरं, वारा होता असं धरून चालू. मग दुसऱ्या दिवशीच्या फायनलचं काय? १०.६१, वारा १.२, एकदम नियमात. आणि त्याच वर्षी सोल ऑलिम्पिकला २०० मीटरमध्ये एकाच दिवशी सेमीला २१.५६ नि फायनलला २१.३४, दोन्ही विश्वविक्रम! २१.३४ अजून कोणाला मोडता आलेला नाही, जमैकाची शेरिका जॅक्सन २०२३ ला बुडापेस्टमध्ये २१.४१ पर्यंत आली तेवढीच.

वाचनमात्र:
पण १९८७ पर्यंत हिचा बेस्ट टाइम १०.९६ होता हो, आणि वय २८, एवढी उडी एका वर्षात? वर फेब्रुवारी १९८९ मध्ये, डोपिंगसाठी अचानक टेस्ट करायचे नियम कडक होत असताना बाई निवृत्त. मला तरी पटत नाही.

उगाच_एक:
पटत नाही म्हणजे पुरावा झाला का? एकही टेस्ट फेल नाही. त्याच सोलमध्ये पुरुषांच्या १०० मीटरचा बेन जॉन्सन डोपिंगमध्ये सापडला की. आणि ही काही आभाळातून पडली नव्हती, १९८४ च्या ऑलिम्पिकला आणि १९८७ ला रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला २०० मीटरचं सिल्व्हर होतं तिच्याकडे. १९९८ मध्ये ३८ व्या वर्षी झोपेत फिट येऊन गेली बिचारी, त्यावरूनही लोक काहीबाही बोलतात, ते वाचून डोकं फिरतं. लांब नखं आणि एकच पाय झाकणारा ड्रेस लोकांच्या डोळ्यात खुपला, दुसरं काय.

ट्रॅकवेडा:
नखांचं कोण बोलतंय इथे, आणि डोपिंगचं मी काढलंच नाही. मी फक्त मीटरचं बोलतोय.

उगाच_एक:
मग मीटरवाल्याच्या चुकीची शिक्षा तिला का?

ट्रॅकवेडा:
शिक्षा कसली, १०.६१ आहेच की तिच्या नावावर. फक्त तो टोकियो ऑलिम्पिकमध्ये जमैकाच्या एलेन थॉम्पसन-हेराने गाठला आणि तीन आठवड्यांनी युजीनला १०.५४ पळाली, म्हणजे २०२१ पासून विक्रम एलेनचा धरा.