घरातल्या लहान जागेत सराव करण्यासाठी मार्शल आर्टचा कोणता प्रकार निवडावा?

कोपऱ्यातली खोली
नमस्कार. मला घरच्या घरी एखाद्या मार्शल आर्टचा सराव सुरू करायचा आहे. जागा लहान आहे. गेले तीन आठवडे मी निरनिराळे व्हिडिओ पाहत आहे. एक जण कराटेच योग्य असे सांगतो, दुसरा म्हणतो की कराटेला मैदान लागते, आणि तिसरा शेवटी मॅट विकायला काढतो. कृपया "कोणताही चालेल, सातत्य महत्त्वाचे" असे उत्तर देऊ नये, ते वाचून झाले आहे. एकाच प्रकाराचे नाव सांगावे आणि तोच का, ते दोन ओळींत लिहावे. सोलापूरला राहते. येत्या सोमवारपासून सुरुवात करायची आहे.

जुना तपकिरी पट्टा
नाव सांगायला हरकत नाही, पण "लहान" म्हणजे किती फूट, ते तुम्ही लिहिलेले नाही. छताची उंची, पंखा, जमीन कशाची आहे आणि खाली कोण राहते, हेही कळवावे. काता म्हणजे एकट्याने ठरावीक क्रमाने करायच्या हालचाली. कराटेच्या शोतोकान शैलीत नवशिक्यांना सहसा पहिल्यांदा शिकवला जाणारा काता हेइआन शोदान हा २१ हालचालींचा असतो. त्यात सरळ पुढे जाणारी जी रेषा आहे, तिच्यासाठीच मोठ्या माणसाला दहा-अकरा फूट लागतात, हात लांब केल्यावर होणारी लांबी वेगळी. त्यामुळे मापे न सांगता विचारलेल्या प्रश्नाला मापे न पाहता दिलेले उत्तरच मिळेल.

लाल माती
परदेशी प्रकारांच्या मागे लागण्याचे कारण मला समजत नाही. दंड, बैठका आणि जोर यांना एका घोंगडीपेक्षा जास्त जागा लागत नाही. आमच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिले तीन महिने हौदात उतरूही देत नसत, नुसते जोर आणि बैठका काढायला लावत, आणि त्या तीन महिन्यांत मांड्या अशा काही भरत की पुढे कुणाच्या पटात शिरायला भीती वाटत नसे. हेलसिंकीत १९५२ साली खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, ते याच मातीतून.

जुना तपकिरी पट्टा
खाशाबांबद्दल आदर आहेच. पण धागाकर्तीने व्यायाम विचारलेला नाही, मार्शल आर्ट विचारली आहे. कुस्तीला समोर माणूस लागतो आणि खाली माती लागते.

हळूहळू
तुमच्या अटीत बसणारे उत्तर एकच आहे, ते म्हणजे विंग चुन, चिनी कुंग फूचा एक प्रकार. त्याचा पहिला क्रम, सिऊ निम ताओ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागी उभे राहून करायचा असतो. पाय एकदा रोवले की पाऊल उचलायचे नाही, सगळे काम कोपर आणि मनगटाचे. मी तो स्वयंपाकघरात, ओटा आणि फ्रिज यांच्या मधल्या पट्टीत उभा राहून करतो. पहिल्या महिन्यात माझे कोपर सारखे बाहेर जात असे आणि फ्रिजच्या मुठीवर आपटत असे, आता आपटत नाही, एवढीच माझी प्रगती आहे.

जुना तपकिरी पट्टा
आणि ते कोपर आत आले की नाही, हे तुम्हाला फ्रिजशिवाय दुसरे कोण सांगते? सोलापुरात विंग चुन शिकवणारा मला तरी आजवर भेटलेला नाही. एका जागेवरचाच काता हवा असेल, तर कराटेत तेक्की शोदान आहे. त्याची सगळी चाल एका सरळ रेषेत, डावीकडून उजवीकडे आणि परत, घोड्यावर बसल्यासारख्या किबा-दाची पवित्र्यात चालते. समोर आणि मागे हाताच्या लांबीपलीकडे जागा लागत नाही. आडवी मात्र आठेक फूट लागते.

हळूहळू
तेक्कीत सुरुवातीलाच पाय उचलून जमिनीवर आपटायचा असतो, हे सांगायचे राहून गेले काय? खाली कोणी राहत असेल, तर चौथ्या दिवशी घरमालक वर येईल. शिवाय तो काता बहुतेक क्लासमध्ये हेइआन मालिकेतले पाचही काते झाल्यावर शिकवतात. म्हणजे सोमवारी सुरू करणाऱ्या व्यक्तीला तुम्ही दोन-तीन वर्षांनंतरचे उत्तर देत आहात.

जुना तपकिरी पट्टा
पाय आपटण्याऐवजी नुसता टेकवता येतो. दुसरा आक्षेप मान्य आहे.

काठीवाला
गच्ची नाही का? गच्ची असेल, तर लाठीसारखा प्रकार नाही. मी कोल्हापूरला असताना मर्दानी खेळ शिकलो आणि आजही पहाटे गच्चीवर लाठी फिरवतो.

कोपऱ्यातली खोली
मी खोलीबद्दल विचारले आहे, गच्चीबद्दल नाही. गच्चीचे कुलूप घरमालकांकडे असते. आता मापे लिहिते. खोली १० बाय ९ फूट आहे. एका भिंतीला दिवाण, दुसऱ्या भिंतीला कपाट आणि दाराजवळ पाण्याची दोन पिंपे आहेत, कारण आमच्या भागात पाचव्या दिवशी पाणी येते. मोकळी जागा ७ बाय ६ उरते. शहाबादी फरशी आहे. पंख्याची पाती जमिनीपासून सव्वासात फुटांवर आहेत, आज खुर्चीवर चढून टेपने मोजले. आता तरी नाव सांगावे.

पडण्याची कला
ज्युदो. आत्मविश्वास खऱ्या अर्थाने येतो, तो पडायला शिकल्यावरच.

गुडघेदुखी
शहाबादी फरशीवर ज्युदोचे पडणे? आपण हे गंभीरपणे लिहिले आहे काय?

पडण्याची कला
फरशीवर पडा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. त्यासाठी चाळीस मिलीमीटर जाडीची मॅट लागते आणि ती क्लासमध्ये असते. घरी उचिकोमी करायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला न फेकता नुसते त्याच्या आत शिरण्याची पावले शंभर वेळा घटवायची. खिडकीच्या गजाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधावा, दोन्ही टोके हातात धरावीत आणि ओढत आत वळावे. यासाठी पाच बाय पाच फूटही पुरे होतात.

काठीवाला
सव्वासात फुटांवर पंखा असेल, तर लाठी खरोखरच चालणार नाही. हातभर लांबीची छडी घेऊन मनगटाचे फेर मात्र करता येतील.

गुडघेदुखी
सगळे जण प्रकारांची नावे सांगत आहेत आणि वय कोणीही विचारलेले नाही. धागाकर्तीने वय, जुनी दुखापत आणि मुळात हेतू काय आहे, ते लिहावे. वजन कमी करणे, परीक्षा देऊन पट्टे मिळवणे आणि रस्त्यावर कोणी हात धरला तर सुटणे, या तीन हेतूंची उत्तरे वेगवेगळी आहेत. किबा-दाचीत गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने न ठेवता आत झुकू दिला, तर चाळिशीच्या आतबाहेरच्या माणसाला दोन आठवड्यांत जिना उतरताना कळ येऊ लागते. हे मी स्वतः भोगले आहे, टोपणनावावरून लक्षात आले असेलच. रक्तदाब असेल, तर कराटेच्या गोजू-र्यू शैलीतल्या सानचिनसारखा, सर्व अंग ताठ करून जोर लावत श्वास सोडण्याचा काता डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणखी एक, फरशीवर अंथरूण किंवा चादर टाकून सराव करू नये.

कोपऱ्यातली खोली
चादरीचे उशिरा कळले. मागच्या आठवड्यात व्हिडिओ पाहून फरशीवर जाड सोलापुरी चादर अंथरली आणि पाय पुढे टाकताच चादरीसकट दिवाणाखाली गेले. मुलगी हसत होती. डावा गुडघा अजून थोडा सुजलेला आहे.

माझे वय ४१ आहे. रक्तदाब नाही. हेतू विचारला म्हणून सांगते. मुलगी १३ वर्षांची आहे आणि शिकवणीहून रात्री साडेआठला एकटी चालत येते. सराव आम्ही दोघी मिळून करणार आहोत. खाली दोन यंत्रमाग आहेत, त्यामुळे दिवसा वर काहीही आपटले तरी कोणाला ऐकू जात नाही. पण माग आठला सुरू होतात आणि मला वेळ पहाटे पाच ते सहा एवढाच मिळतो.

हळूहळू
तुम्ही दोघी आहात, हे तिसाव्या ओळीऐवजी पहिल्या ओळीत लिहिले असते, तर आम्ही एवढे भांडलो नसतो. विंग चुनमध्ये ची साओ नावाचा जोडीचा सराव असतो. दोघांनी हाताच्या अंतरावर समोरासमोर उभे राहायचे, मनगटाला मनगट टेकवायचे आणि समोरच्याचा दाब कोणत्या बाजूला जातो, ते डोळ्यांऐवजी कातडीने ओळखायचे. त्याला चार बाय तीन फूट लागतात.

जुना तपकिरी पट्टा
माझेही मत आता बदलले आहे. रात्री साडेआठला शिकवणीहून येणाऱ्या मुलीला कोणताही काता एकट्याने करून फारसे हाती लागणार नाही. तिला कोणीतरी खरोखर मनगट धरणारे लागेल, आणि ते माणूस तुमच्या घरात आहे. धरलेल्या हाताची पकड नेहमी अंगठ्याच्या बाजूने सैल असते. त्यामुळे नुसते मागे न ओढता मनगट धरणाऱ्याच्या अंगठ्याकडे फिरवायचे, कोपर आपल्या अंगाजवळ आणायचे, ओरडायचे आणि निघून जायचे. थांबून मारामारी करायची नाही. आई धरेल तेव्हा ती सुटेल, आणि सहा फुटी माणसाने धरल्यावर हे कळेल की एवढे पुरत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस तिला क्लासला पाठवावे, जो चालत जाण्याच्या अंतरावर असेल तो. कराटे, ज्युदो, तायक्वांदो यांतला कोणताही चालेल.

हळूहळू
म्हणजे शेवटी "कोणताही चालेल" हेच उत्तर आले.

जुना तपकिरी पट्टा
क्लास कोणताही चालेल. घरच्या खोलीसाठी नाही. तायक्वांदो असेल, तर त्याच्या उंच लाथा त्या खोलीत घेऊ नयेत, कारण एका बाजूला कपाट आहे आणि दुसऱ्या बाजूला पिंप. कराटे असेल, तर काता करताना दर पावलानंतर मागचा पाय पुढे नेण्याऐवजी पुढचा पाय मागे घ्यावा, म्हणजे हालचाल तीच राहते आणि माणूस जागेवरच राहतो. किंवा भिंतीला समांतर उभे न राहता कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तोंड करावे. सात बाय सहाच्या जागेचा कर्ण सव्वानऊ फूट भरतो, म्हणजे दोन सव्वादोन फूट फुकट मिळतात.

लाल माती
गुडघा बरा होईपर्यंत बैठका करू नयेत. दंड करावेत. एवढे तरी माझे ऐकावे.

कोपऱ्यातली खोली
सर्वांचे आभार. घराजवळ कराटेचा क्लास आहे, मुलगी शनिवारी-रविवारी जाईल आणि मी तिच्याकडून शिकेन. सोमवारची सुरुवात हुकली तरी हरकत नाही. आज संध्याकाळी आम्ही फरशीवर खडूने कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे रेघ ओढली. मुलीने ठोसा मारला, तेव्हा तिची मूठ पिंपापासून चार बोटांवर थांबली. माझी पिंपावरच आपटली, म्हणून मी रेघेच्या दुसऱ्या टोकाला उभी राहणार आहे. मनगट सोडवण्याचे वीस वेळा केले. तेराव्या वेळेपासून ती न ओरडताच सुटू लागली, आणि ओरडायला सांगितले की तिला हसू येत होते. पहाटे पाचला ओरडायचे कसे, हे मात्र कोणी सांगितलेले नाही.

गुडघेदुखी
संध्याकाळी माग चालू असताना दहा मिनिटे फक्त ओरडण्याचा सराव करावा. पहाटे बाकीचे सगळे.

पडण्याची कला
पिंपे किती लिटरची आहेत? दोनशे लिटरचे भरलेले पिंप दोनशे किलोंच्या वर जाते, ते कोणाच्याही ओढण्याने हलत नाही. खिडकीला गज नसेल, तर उचिकोमीची ट्यूब पिंपालाच बांधता येईल.

कोपऱ्यातली खोली
दोनशेचीच आहेत. पण पाणी आल्यापासून तिसऱ्या दिवशी ती अर्धी होतात आणि चौथ्या दिवशी मुलगी एका हाताने सरकवते.