मदत हवी आहे: मॅचसाठी दूरदर्शनची फ्री डिश बसवावी का?

नमस्कार मंडळी. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. घरी केबल आहे, पण स्पोर्ट्सचा पॅक परवडत नाही. भारताची वनडे असली की बाबा डीडी लावून बसतात आणि तिथं मॅच नसतेच. चौकशी केल्यावर कळलं, की २००७ च्या कायद्यानं महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरच्या प्रक्षेपणापुरतं आणि फ्री डिशपुरतंच ठेवलं. म्हणजे केबलवर डीडी दिसतं, मॅच नाही. खेड्यातल्या माणसांना हे कुणी नीट सांगतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

आता फ्री डिश घ्यावी म्हणतोय. महिन्याचं भाडं नाही, हे आमच्यासाठी मोठं आहे. पण आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. कणकुंबी, जांबोटी, लोंढा भागात कुणी वापरतंय का? डिशची मोठी छत्री लावली तर पावसात चित्र टिकतं का? बॉक्स जुन्या एमपेग-२ प्रकारचा पुरे, की नव्या एमपेग-४ प्रकारचाच घ्यावा? बाबांचे डोळे अधू झालेत, चित्र स्वच्छ हवं. खानापुरात छत्री नीट बसवून देणारं कुणी माहितीत असेल तर कृपया कळवा.