हातचं काम सोडू नका: साठीपुढचे कोल्हापुरी अनुभव

‘आता तुम्ही बसा, आम्ही करतो’ असं आपण घरच्या म्हाताऱ्या माणसांना प्रेमानंच म्हणतो. पण त्या बसण्यानंच पाय जातात, हे मी घरात बघितलंय. म्हणून विचारतो: कुठलं काम तुम्ही सोडलं नाही, आणि त्यासाठी काय करता? जे केलंय तेच लिहा. घरच्यांनीही लिहावं.

शिवाजी पेठ, वय ७१
रंकाळ्यावर फिरणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. पण चालून दम टिकतो. जमिनीवरून उठायला मांडीत बळ लागतं, ते वेगळं कमवावं लागतं. तरुणपणी तालमीत बैठका मारल्या, आता गुडघे ऐकत नाहीत. म्हणून खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठबस करतो. मग कठडा जवळ ठेवून एका पायावर उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनाही ६५ पुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम सांगते. पंगतीत मांडी घालून बसतो आणि कुणाचा हात न धरता उठतो, याचा मला अभिमान आहे.

राजारामपुरी, वय ७६
मालक गेल्यावर मुलगा म्हणाला, पुण्याला चल. जाऊन येते, राहत नाही. ७५ पुढं एसटी मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. आधारकार्ड जवळ ठेवायचं. जोतिबाला जाते, गारगोटीला बहिणीकडं जाते. गाडीची पायरी उंच असते, म्हणून सामान पाठीवरच्या पिशवीत. दोन्ही हात दांडीला मोकळे पाहिजेत. गर्दीची वेळ टाळते.

कसबा बावडा, सून
सासूबाईंसाठी न्हाणीत धरायला दांडी बसवली, रात्री दिवा ठेवतो, सरकणारी पायपुसणी काढली. ओट्याशी उंच स्टूल आहे. भाकरी त्याच थापतात, मी भाजते.

ताराबाई पार्क, निवृत्त कर्मचारी
हातपायांइतकाच पैसाही आपल्या हातात हवा. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून मीच काढतो. आणि कळकळीनं सांगतो, घर मुलांच्या नावे बक्षीसपत्रानं करणार असाल तर सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या. मग मुलांनी सांभाळलं नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात दस्त रद्द करून मागता येतो. मुलं चांगली असली तरी लिहा. माझीही चांगलीच आहेत.

मंगळवार पेठ, वय ६९
बायको गेली आणि स्वयंपाकघरात पहिल्यांदा शिरलो. आमटी-भात शिकलो, मग पिठलं. एकट्यासाठी कशाला करायचं म्हणून चहा-बिस्किटावर भागवू नका. या वयात स्नायू झडतात, रोज डाळ, दूध, अंडी पोटात गेली पाहिजेत. बावड्याच्या ताई, ती दांडी कशी बसवलीत?

कसबा बावडा, सून
काका, भिंतीत भोक पाडून, स्क्रूनं. फरशीला चिकटवायची घेऊ नका. टॉवेलच्या दांडीवर तर भरवसा ठेवूच नका, ती माणसाचं वजन पेलत नाही.