घरगुती सीएनसी राउटरची फ्रेम: लोखंडी पाइप, अॅल्युमिनियम की एमडीएफ?

रंधेवाला:
घरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन, बनवायचंय ना? सागवान-प्लाय कापायला ६०० बाय ९०० मिमीचं मशीन, दीड किलोवॅटचा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) धरू. फ्रेमला ८०×८०×४ मिमीचा लोखंडी चौकोनी पाइप घ्या, बाकीचा घोळ नको. दोन टोकांवर टेकलेल्या ९०० मिमी गॅन्ट्रीच्या (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या तुळईच्या) मध्यावर १० किलोचा जोर दिला तर हा पाइप ०.००६ मिमी वाकतो. १८ मिमी एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) १००×१०० ची पोकळ पेटी त्याच जोराला ०.०६ वाकते. दहापट! अॅल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश ताठ, तेही महाग.

पावसूत:
मालक, आकडे बरोबर, पण वेल्डिंग झाल्यावर ते टिकत नाहीत. टाका गार होताना आकसतो आणि पाइप ओढतो. मीटरमागे अर्धा मिमी बाक सहज येतो. त्यावर एचजीआर-२० रेल (सरळ सरकण्यासाठीची पोलादी पट्टी) आवळली की तिच्यावर सरकणारा ब्लॉक एका टोकाला मोकळा, दुसऱ्या टोकाला जाम. ४०×८० चं अॅल्युमिनियम एक्स्ट्रुजन (खाचा असलेली साच्यातून काढलेली पट्टी) त्यामानाने सरळ येतं, खाचेतल्या टी-नटने बसतं, गुण्यात (काटकोनात) नसेल तर सैल करून पुन्हा लावता येतं. वेल्ड झालेला कोपरा सैल करून दाखवा की!

रंधेवाला:
बाक येतो तो एका दमात सलग टाका मारल्याने. आधी सगळे कोपरे टॅक करायचे (ठिपक्यासारखा छोटा टाका मारायचा), मग समोरासमोर २५-२५ मिमीचे टाके, मध्ये गार होऊ द्यायचं. नंतर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणा. मध्ये ते जेमतेम टेकले पाहिजेत. फट राहिली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं तर फ्रेमला पीळ आहे.

रेल थेट पाइपवर नको. ४ मिमी जाडीत एम-५ चे जेमतेम पाच आटे मिळतात. खाली १२ मिमीची पट्टी वेल्ड करा, वरून मिलिंग करून घ्या, मग ४.२ च्या ड्रिलने भोकं आणि टॅपने आटे. मिलिंगसाठी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चौकशी करा.

आणि एक्स्ट्रुजनचं कौतुक सोलापूरच्या उन्हात? सकाळ-दुपारमध्ये १५ अंशांचा फरक धरला तर मीटरभर अॅल्युमिनियम ०.३५ मिमी वाढतं, पोलादी रेल ०.१८. एका बाजूला आवळलेली रेल मग अख्खी बीम वाकवते.

पावसूत:
वाकू दे. सागवान स्वतः पावसाळ्यात त्याहून जास्त हलतं. आपण दागिने घडवत नाही! आणि तुमचं मिलिंगचं बिल पाइपच्या किमतीपेक्षा जास्त होईल, ते हिशेबात धरा.

लाकूडतोड्या:
मिलिंग टाळायचं तर पट्टीवर पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) ओता, ६ ते ८ मिमी. दोन्ही रेलच्या कडांना बांध घाला आणि मधून एक पन्हळ जोडा, म्हणजे दोन्हीकडे पातळी एकच येते. एप्रिल-मेमध्ये पहाटे ओता, हार्डनर सावकाश जमणारा घ्या. दुपारी बादलीतच तापून गोळा होतो.

एमडीएफलाही इतकं झिडकारू नका, थरथर ते चांगली शोषतं. पण कडेत स्क्रू मारला की चिरतं, म्हणून बॅरल नट (आडव्या भोकात बसणारा गोल नट) वापरा आणि कापलेल्या कडांना सीलर द्या. सततच्या वजनाने मात्र हळूहळू झोळ पडतो, त्याला इलाज नाही. पहिलं मशीन म्हणून चालेल.

लोखंडच करणार असाल तर थरथर मारायला तळाच्या पाइपांत कोरडी वाळू भरा, मीटरला साधारण आठ किलो मावते. गॅन्ट्रीत नको, मोटरवर उगाच भार. वाळूने ताठपणा वाढत नाही, हेही लक्षात असू द्या.

पावसूत:
वाळू वेल्डिंग झाल्यावरच भरा. ओली वाळू आत कोंडून टाका मारला तर वाफेने फुटेल.